कॅम्पसवर मैफल, व्याख्यान आणि योगवर्ग: कार्यक्रम उभा करताना

विद्यापीठातल्या कार्यक्रमाची आखणी बहुतेक वेळा प्रमुख पाहुण्यांच्या तारखेपासून सुरू होते. ती सभागृहातल्या शेवटच्या रांगेपासून सुरू करावी. तिथे बसलेल्या विद्यार्थ्याला ऐकू येईल का, दिसेल का आणि शेवटची बस न चुकवता निघता येईल का? याची उत्तरे मिळाली की तारीख, जागा, ध्वनियंत्रणा आणि खर्च यांचे निम्मे निर्णय तिथेच होतात.

तारीख, जागा, कागद

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत कार्यक्रमांना मोकळे असे दोनच काळ सापडतात: जुलैअखेरपासून गणपतीपर्यंत, आणि जानेवारी-फेब्रुवारी. बाकीचे महिने परीक्षा आणि सुट्ट्यांत जातात. त्यातही फेब्रुवारीचा शेवट सर्वांत अडचणीचा. २७ तारखेला मराठी भाषा गौरव दिन, २८ला राष्ट्रीय विज्ञान दिन, पाठोपाठ ८ मार्चचा महिला दिन. मुख्य सभागृह एकच आणि मागणारे विभाग पंधरा. या आठवड्यात काही करायचे असेल तर डिसेंबर संपायच्या आत जागेचा अर्ज द्या. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक घ्यायला विसरू नका. दोन विभागांनी एकच तारीख मागितली की आधी कोणाचा अर्ज आला हे त्यावरूनच ठरते.

जागा निवडताना मोह आवरावा. दीडशे श्रोते अपेक्षित असतील तर दोनशेचे सभागृह घ्या, सहाशेचे नको. रिकाम्या खुर्च्या आणि उघड्या भिंती आवाज परत फेकतात, शब्द एकमेकांवर चढतात आणि मागे बसलेल्याला नुसता घुमारा ऐकू येतो. मोठ्या सभागृहाला पर्याय नसेल तर मागच्या रांगा दोरी लावून बंद करा आणि पुढचा भाग आधी भरा.

अर्ज विभागप्रमुखांच्या सहीने विद्यार्थी विकास मंडळाकडे किंवा कुलसचिव कार्यालयाकडे जातो. त्याच्या प्रती स्थावर विभाग, विद्युत विभाग आणि सुरक्षा विभागाला वेगळ्या द्या. वरच्या कार्यालयातून त्या खाली आपोआप पोहोचतील या भरवशावर राहिले की कार्यक्रमाच्या दिवशी सभागृहाची किल्ली कोणाकडे आहे हे कळत नाही. सोबत अंदाजपत्रक जोडा. मंडप, ध्वनी आणि भोजन यांसाठी तीन दरपत्रके लेखा विभाग मागतोच, ती आधीच घेऊन ठेवा.

नियमांपैकी दोन गोष्टी नीट माहीत हव्यात. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धक लावता येत नाही. बंद सभागृहात आतल्या आत चालतो. दुसरी गोष्ट प्रताधिकाराची. विद्यार्थी आणि कर्मचारी यांनीच सादर केलेले आणि विद्यार्थी, कर्मचारी, पालक व संस्थेच्या कामाशी थेट संबंधित मंडळींपुरते असलेले नाटक किंवा गाणे यांना प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२मध्ये सूट आहे. दार सर्वांना उघडे केले, तिकीट लावले किंवा चित्रण यूट्यूबवर टाकले की ही सूट गृहीत धरू नका, लेखकाची लेखी परवानगी घ्या. नाटकाचा जाहीर प्रयोग असेल तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्रही लागते. त्याला वेळ जातो, म्हणून संहिता पक्की झाल्याबरोबर पाठवा.

शास्त्रीय संगीताची मैफल

सर्वांत जास्त काळजी इथे लागते. व्याख्यानात माइक दोन मिनिटे बिघडला तर वक्ता आवाज चढवून वेळ मारून नेतो. आलापीत तसे होत नाही. एक शिट्टी वाजली की गायकाने अर्धा तास बांधलेले सगळे मोडते.

आधी वेळ ठरवा, कारण राग वेळेवर ठरतो. भैरव, तोडी ऐकायचे असतील तर सकाळच हवी. पहाटेची मैफल झाडाखाली घेण्याची हौस सगळ्यांना असते, पण सहाच्या आत तिथे ध्वनिवर्धक चालणार नाही. तेव्हा एकतर बंद सभागृह घ्या, नाहीतर साठ-सत्तर श्रोत्यांना दाटीने बसवून माइकशिवाय गाणे ऐकवा. नवीन विद्यार्थ्यांना तानपुऱ्याचा खरा नाद ऐकवायचा असेल तर हा दुसरा मार्ग फार चांगला आहे. संध्याकाळची मैफल साडेसहाला सुरू करून नऊला संपवा. मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टरना दोन दिवस आधी नावांच्या यादीसह पत्र द्या. ते दिले नाही तर साडेआठला, नेमका द्रुत ख्याल सुरू असताना, अर्धे सभागृह उठते.

कलाकाराशी तारीख ठरतानाच पाच गोष्टी विचारून घ्या: सूर कोणता, साथीला कोण, तानपुरे कोण आणणार, मानधनाची रक्कम आणि बँकेचा तपशील, आणि प्रवास. सूर म्हणजे ‘काळी एक’, ‘काळी चार’ असे, पेटीच्या पट्टीच्या नावाने उत्तर येईल. तो लगेच तबलजींना कळवा, कारण उंच सुराला लहान तोंडाचा तबला लागतो, खालच्या सुराला मोठा. ऐन वेळी कळले तर त्यांच्याजवळ योग्य तबला नसतो आणि आहे तोच ओढून चढवावा लागतो. तानपुरे विभागाचे असतील तर आठ दिवस आधी काढून तारा, जवारी (घोडीचा तारेखालचा, नाद खुलवणारा पृष्ठभाग) आणि खुंट्या तपासा. घसरणारी खुंटी मैफलीत प्रत्येक दहा मिनिटांनी सूर उतरवते. तिला थोडी खडूची पूड लावली तर पकड येते.

बैठकीचा चौथरा निदान १२ फूट बाय १० फूट आणि दीड ते दोन फूट उंच असावा. याहून लहान असला की तानपुऱ्यावर बसलेल्या विद्यार्थिनीचा भोपळा तबलजींच्या पाठीला लागतो. टेबले जोडून चौथरा करू नका. त्यांच्यामधल्या फटीत पाय जातो आणि डग्ग्याच्या प्रत्येक थापेला पोकळ लाकूड वाजते. खाली सतरंजी, वर पातळ गादी, त्यावर पांढरी चादर ताणून कडा खाली खोचलेली. जाड फोमची गादी नको, तिच्यात तबल्याची चुंबळ रुतून तबला कलतो.

चौघांच्या बैठकीला माइक पाच लागतात: गायकाला एक, दायाँ-डग्ग्याला दोन, पेटीला एक, तानपुऱ्यांना मिळून एक. स्टँड बुटके मागवा. भाषणाचा उंच स्टँड वाकवून गायकासमोर लावला की चेहरा झाकतो आणि स्टँड हळूहळू खाली येत राहतो. कलाकारांना स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून दोन मॉनिटर हवेत. ते माइकच्या पाठीमागच्या दिशेला ठेवा. माइक मॉनिटरचा आवाज उचलतो, तो वाढून पुन्हा मॉनिटरमधून येतो, आणि त्यातून शिट्टी निघते. अशा वेळी सभागृहाचा आवाज कमी करण्याची घाई होते. आधी मॉनिटरचा आवाज थोडा उतरवा, बहुधा तेवढे पुरते. मिक्सर रंगमंचाच्या विंगेत ठेवू देऊ नका. तिथून ध्वनिसंयोजकाला फक्त मॉनिटर ऐकू येतात. त्याला प्रेक्षागृहात, रंगमंचापासून दोनतृतीयांश अंतरावर बसवा.

स्पीकरमधून एकसारखी घुंऽऽ येत असेल तर दोष बहुतेक अर्थिंगचा किंवा दिव्यांचा प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या डिमरचा असतो. ध्वनी आणि प्रकाश यांना वेगवेगळ्या फेजवर वीज द्या, हे विद्युत विभागाच्या वायरमनला आदल्या दिवशी सांगायचे. त्याचा कार्यक्रम संपेपर्यंतचा मोबाइल क्रमांक घ्या आणि त्याच्या जेवणाची सोय करा.

ध्वनिचाचणी दीड तास आधी. वातानुकूलन आणि रंगमंचाचे दिवे तेव्हापासूनच चालू ठेवा, आणि मग तापमान बदलू नका. थंडी-उष्णता, दमट-कोरडे बदलले की तारा आणि तबल्याची पुडी (वरचे कातडे) दोन्हींचा सूर हलतो. चाचणीला सभागृह रिकामे असते, तेव्हा आवाज जरा जास्त घुमणारच. माणसे भरली की त्यांचे कपडे आणि अंगे आवाज शोषतात. म्हणून चाचणीत शब्द थोडे घुमले तरी चालेल, पण सूर फाटता कामा नये.

आता उद्घाटन. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, परिचय, सत्कार आणि मनोगत मिळून १२ मिनिटे. यात स्वागतगीत वगळले तर उत्तम. मैफलीच्या आधी दुसरे गाणे कशाला? समईच्या वाती दोन तास आधी तेलात भिजवा, टोकांना कापराची पूड लावा, जवळचा पंखा बंद करा आणि पेटवायला मेणबत्ती ठेवा. कोरड्या वातीसमोर सहा मान्यवर काड्यांवर काड्या ओढत उभे राहतात, त्यात चार मिनिटे जातात. परिचय पाच ओळींचा, पाठ केलेला. कलाकार गादीवर बसून वाद्ये जुळवल्यावर त्यांना पुन्हा सत्कारासाठी उठवू नका. सत्कार त्याआधी उरका, आभार मध्यंतरात माना. भैरवीनंतर कोणीही माइक हातात घेऊ नये.

व्याख्यान आणि चर्चासत्र

पुण्यात विद्यापीठाचे पहिले कुलगुरू बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या नावाने बहिःशाल शिक्षण मंडळाची (विद्यापीठाबाहेर शिक्षण पोहोचवणाऱ्या विभागाची) व्याख्यानमाला महाविद्यालयांतून चालते. अशा योजनेत वक्ते आणि मानधनाची सोय असते, म्हणून स्वतःचे अंदाजपत्रक मांडण्यापूर्वी बहिःशालकडे चौकशी करावी.

वक्त्याला ४० मिनिटे आणि प्रश्नांना २० मिनिटे, हे निमंत्रणाच्या पत्रातच लिहा. श्रोते कोणत्या वर्षाचे, त्यांनी विषयाचे काय वाचलेले आहे, हेही कळवा. नाहीतर प्रथम वर्षासमोर संशोधकांचे व्याख्यान होते. प्रश्नांसाठी दोन फिरते माइक आणि पहिले दोन प्रश्न तयार ठेवलेले विद्यार्थी हवेत. पहिला प्रश्न प्राध्यापकांनी विचारला की मुले गप्प बसतात. चर्चासत्रात एका निबंधाला १५ मिनिटे वाचन, ५ मिनिटे चर्चा. तासाला तीनच निबंध. पाच कोंबले तर चर्चा मरते, आणि चर्चेसाठीच तर माणसे गावाहून आलेली असतात. स्लाइड पीडीएफ स्वरूपातही मागवा. दुसऱ्या संगणकावर फॉन्ट नसला तर देवनागरीची जोडाक्षरे तुटतात.

योगवर्ग आणि मनःस्वास्थ्य

२१ जूनचा योगदिन आपल्याकडे पावसाच्या तोंडावर येतो. मैदानाची घोषणा करून ऐन सकाळी जागा बदलण्यापेक्षा छप्पर असलेली जागाच घ्या. एका माणसाला ७ फूट बाय ४ फूट जागा धरा. त्या हिशेबाने बॅडमिंटनच्या एका कोर्टात तीसएक माणसे मावतात. फरशीवर नुसती सतरंजी टाकली की वीरभद्रासनात पाय सरकतो. मॅट नसेल तर अनवाणी, कोरड्या फरशीवर उभ्याची आसने आणि नंतर सतरंजीवर बैठी आसने घ्या. आयुष मंत्रालयाचा सामान्य योग अभ्यासक्रम ४५ मिनिटांचा आहे, नवशिक्यांना तो पुरेसा. सूचना देणारा आणि आसन करून दाखवणारा अशी दोन वेगळी माणसे ठेवा, शिवाय दर २५ जणांमागे रांगांतून फिरणारा एक. पोट रिकामे हवे, हे आदल्या दिवशीच्या सूचनेत लिहा. रक्तदाब, गर्भारपण, पाठीचे दुखणे असलेल्यांनी काय टाळायचे, हे वर्ग सुरू होण्याआधी सांगा.

मनःस्वास्थ्याच्या कार्यक्रमात विद्यार्थ्यांना सर्वांसमोर अनुभव सांगायला लावू नका. जो बोलून जातो तो दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात बसणार असतो. प्रश्न चिठ्ठ्यांवर, नाव न लिहिता घ्या. समुपदेशक कार्यक्रमानंतर तासभर वेगळ्या खोलीत थांबतील असे ठरवा आणि त्या खोलीचा रस्ता सर्वांच्या नजरेसमोरून जाणारा नसावा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, उपस्थिती मात्र अजिबात घेऊ नका.

संपल्यावर

मूळ बिले त्याच रात्री एका पाकिटात गोळा करा. मंडपवाल्याचे आणि ध्वनिवाल्याचे बिल विद्यापीठाच्या नावाने आहे का हे पाहूनच त्यांना सोडा. नॅकच्या (उच्च शिक्षणसंस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या) अहवालासाठी जिओटॅग केलेली, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेली, चार-पाच छायाचित्रे लागतात, त्यांतले एक शेवटच्या रांगेतून काढलेले असू द्या. तानपुऱ्यांच्या तारा थोड्या उतरवून गवसणीत घाला, आणि सभागृहाची किल्ली देताना नोंदवहीत वेळ लिहून सही घ्या.