कामावरची मौज: आखण्याआधी काय पाहावे

कार्यालयात खेळ, सहल किंवा स्नेहभोजन ठरवण्याआधी कर्मचारी नेमके कशावर नाराज आहेत, हे जाणून घ्यावे. 'तुम्ही समाधानी आहात का?' एवढेच विचारले, तर बहुतेक जण 'हो' म्हणून मोकळे होतात; म्हणून कामाचे स्वरूप, वेतन, बढती, वरिष्ठांची वागणूक आणि सहकारी या पाचही बाबींविषयी वेगवेगळे प्रश्न विचारावेत आणि उत्तरावर नाव लिहायला सांगू नये. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये मांडले, की वेतन, धोरणे व देखरेख यांतील उणिवांमुळे असमाधान वाढते, पण खरे समाधान यश, दाद आणि जबाबदारी यांतून येते. या विभागणीवर पुढे टीकाही झाली; तरी थकलेल्या पगारावर खेळांची स्पर्धा हा उतारा नव्हे, एवढे कळायला सिद्धान्ताचीही गरज नाही.

मौज शक्यतो कर्मचाऱ्यांमधूनच उगवू द्यावी. समाजशास्त्रज्ञ डोनाल्ड रॉय यांनी एका कारखान्यात यंत्रावर काम करताना पाहिले, की तेच ते काम दिवसभर करणाऱ्या मोजक्या कामगारांनी दिवसाचे आपल्या परीने तुकडे पाडले होते. त्यांतला एक जण रोज दुसऱ्याच्या डब्यातले केळे पळवून खाई, त्यावर रोज तोच आरडाओरडा होई आणि त्या वेळेला 'केळ्याची वेळ' असे नावच पडले होते. व्यवस्थापनाने हा कार्यक्रम आखला असता, तर तो दोन दिवसही टिकला नसता, असे मला वाटते. मात्र याच गटात एकदा थट्टा एकाच्या वर्मी लागली आणि नेहमीची बडबड काही दिवस थांबली. म्हणून कोणाच्या कुटुंबावर, दिसण्यावर किंवा बोलण्याच्या ढबीवर विनोद होऊ लागला, तर वरिष्ठाने तो तिथेच थांबवावा.

औपचारिक कार्यक्रम ठेवायचाच असेल, तर तो कामाच्या वेळेत ठेवावा, सहभाग ऐच्छिक असावा आणि न येणाऱ्याकडे कारण मागू नये. ('ऐच्छिक' लिहून हजेरी घेणे हा तर शुद्ध दुटप्पीपणा.) त्या दिवशीचे काम कमी करावे किंवा मुदत पुढे ढकलावी, नाहीतर हसून झाल्यावर उशिरापर्यंत बसावे लागते आणि राग कार्यक्रमावरच निघतो. तीन महिन्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा द्यावी. सहकाऱ्यांविषयीची उत्तरे सुधारली आणि वेतनाविषयीची जागीच राहिली, तर पुढचा खर्च कार्यक्रमांवर करू नये.