पैसे घ्यायला पिन लागत नाही : जुनी वस्तू ऑनलाइन विकताना-घेताना

मुलाचं अभ्यासाचं टेबल विकायला काढलं होतं. सागवानी, पण एक पाय जरा डगमगणारा. किंमत लावली साडेतीन हजार. जाहिरात टाकून दहा मिनिटं होतात न होतात तोच हिंदीतून फोन. टेबल पसंत आहे, आपण फौजेत आहोत, बदली होऊन नुकतेच पुण्यात आलोय, ड्यूटी सोडून निघता येत नाही. पैसे आत्ताच पाठवतो, टेबल न्यायला संध्याकाळी माणूस येईल. पाठोपाठ व्हॉट्सॲपवर वर्दीतला फोटो आणि ओळखपत्रही आलं.

माझ्या मनात पाल चुकचुकली ती वर्दीमुळे नाही. त्याने भाव केला नाही म्हणून. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी चक्कर मारून बघा. वीस रुपयांचा पाना घेणारासुद्धा तो उलटासुलटा करून बघतो, तोंड वाकडं करतो आणि पंधरा म्हणतो. जुनी वस्तू न बघता, सांगितलेल्या किमतीला घेणारा गिऱ्हाईक मी अजून पाहिलेला नाही. त्यामुळे पहिली चाळणी हीच लावा : समोरचा वस्तूबद्दल काही विचारतोय का? मापं, किती वर्षं वापरली, लिफ्टमधून उतरेल का? ज्याला फक्त तुमचा यूपीआय नंबर हवाय, त्याला टेबल नकोच असतं.

विकताना

पुढे काय होतं ते नीट समजून घ्या, कारण फसणारे बहुतेक जण याच वळणावर फसतात. आधी तो पाच-दहा रुपये खरोखर पाठवतो. ते खात्यात दिसतात आणि विश्वास बसतो. मग क्यूआर कोड येतो : "हा स्कॅन करा, पैसे जमा होतील." स्कॅन केला की रक्कम आधीच भरलेली असते आणि ॲप पिन मागतं. क्यूआर कोड स्कॅन करणं म्हणजे पैसे देणं. वाण्याच्या दुकानात आपण रोज हेच करतो, फक्त फोनवरचा माणूस घाई करत असला की ते आठवत नाही. पैसे घेण्यासाठी स्कॅनही लागत नाही आणि पिनही लागत नाही. ज्या पडद्यावर पिन मागितला जातो, त्या पडद्यावरून पैसे जातात.

पैसे गेल्यावर हा माणूस फोन ठेवून देत नाही, उलट अधिकच नम्र होतो. "सर, चुकून उलटं झालं, परत करतो, हा दुसरा कोड स्कॅन करा." साडेतीन हजारांचे सात हजार आणि सातचे चौदा असेच होतात.

पूर्वी याच कामासाठी 'कलेक्ट रिक्वेस्ट' वापरली जायची, म्हणजे पैसे मागणारी सूचना पाठवायची आणि ती पैसे देणारी आहे असं भासवायचं. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून दोन व्यक्तींमधली ही सोय बंद केली. एक दार बंद झालं, क्यूआरचं मात्र उघडंच आहे. तिसरं दार म्हणजे "अडचण येतेय ना, हे ॲप टाका, मी मदत करतो." हे ॲप तुमच्या फोनचा पडदा त्याला दाखवतं. रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच एनीडेस्कसारख्या ॲपच्या अशा वापराबद्दल बँकांना सावध केलं होतं. वस्तू विकायला असं कुठलंही ॲप लागत नाही.

समोर येऊन फसवणारेही असतात. ते 'पैसे पाठवले' असा हिरवी खूण असलेला पडदा दाखवतात. तो फोटो असू शकतो, नकली ॲपही असू शकतं. बँकेचा म्हणून आलेला मेसेज साध्या दहा आकडी नंबरावरून आला असेल तर तो बँकेचा नाहीच. स्वतःचं बँकेचं ॲप उघडा, जमा नोंद बघा, मगच वस्तू उचलू द्या. यात संकोच कसला? दुकानदारही पेटीतून 'प्राप्त हुए' ऐकल्याशिवाय पिशवी हातात देत नाही.

"दोन हजारांऐवजी वीस हजार गेले, अठरा परत करा" असं कुणी रडवेलं होऊन सांगितलं तरी आधी खातं बघा. बहुतेक वेळा काहीच आलेलं नसतं. आणि खरंच आलं असेल, तर तो सांगेल त्या तिसऱ्याच नंबरावर पाठवू नका, बँकेला कळवा. ते पैसे दुसऱ्या कुणाला फसवून आलेले असले तर पुढे गोठतं ते तुमचं खातं.

ओळखपत्र म्हणून त्याने पाठवलेलं आधार किंवा फौजेचं कार्ड हा पुरावा धरू नका. ते बऱ्याचदा आधी फसलेल्या कुणाचं तरी असतं. म्हणूनच तुमचंही पाठवू नका. अगदीच गरज पडली तर आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार काढून द्या.

घेताना

इथे सापळा विसाराचा असतो. पन्नास हजारांचा फोन अठराला, "तीन जण मागे लागलेत, हजार रुपये टोकन टाका, ठेवून देतो." भाड्याच्या घराचंही तसंच, बघायला येण्याआधी 'गेट पास'चे पैसे मागतात. वस्तू डोळ्यांनी बघेपर्यंत एक रुपयाही देऊ नका. भेट दिवसा आणि गर्दीच्या ठिकाणी ठरवा. शक्य असेल तर सोबत कुणाला तरी न्या.

फोन घेताना बिल आणि खोका मागाच, पण तेवढ्यावर थांबू नका. त्या फोनवर *#०६# दाबा, पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक दिसेल. तो खोक्यावरच्या आकड्याशी जुळतो का बघा. मग 'केवायएम' ही तीन इंग्रजी अक्षरं, एक मोकळी जागा आणि तो आकडा असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावरही हे तपासता येतं. उत्तरात काळी यादी, डुप्लिकेट किंवा आधीच वापरात असं आलं तर फोन परत द्या आणि घरी या. शेवटी विकणाऱ्याला त्याचं गूगल किंवा ॲपल खातं तुमच्यासमोर काढायला लावा. नाहीतर रिसेट केल्यावर फोन त्याचाच पासवर्ड मागत बसेल.

स्कूटर किंवा गाडी असेल तर एमपरिवाहन या सरकारी ॲपवर नंबर टाकून कर्जाचा बोजा, विमा आणि नोंदणीची तारीख बघा. चलनं किती थकलीत तेही बघा. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या म्हणजे काम संपलं असं विकणाऱ्यानेही समजू नये. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर त्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. नोंद विकणाऱ्याच्याच नावावर राहिली आणि अपघात झाला, तर भरपाईसाठी मालक तोच धरला जातो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलं आहे.

पैसे गेलेच तर

लाज वाटते म्हणून रात्रभर गप्प बसू नका. आधी १९३० ला फोन लावा, लगेच बँकेला कळवा, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात पळत असतात. मधल्या एखाद्या खात्यात असतानाच ते गोठवता आले तर परत मिळण्याची आशा असते. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (पैसे पाठवल्यावर ॲपमध्ये दिसणारा त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक), फोन नंबर, क्यूआर कोडचा फोटो आणि चॅट यातलं काही पुसू नका. रागाच्या भरात त्याला ब्लॉक करण्याआधी सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या. आणि दोन दिवसांनी 'तुमचे पैसे सोडवून देतो, फी भरा' असा फोन आला, तर तो त्याच टोळीचा दुसरा भाऊ समजा.

माझं टेबल पुढच्या रविवारी गेलं. शेजारच्या सोसायटीतला एक मुलगा आईला घेऊन आला. काकूंनी खाली वाकून डगमगणारा पाय बरोब्बर शोधला, तीनशे रुपये कमी करून घेतले, वर जुन्या टेबललॅम्पकडे बघत "हा यासोबतच ना?" असंही विचारलं. पैसे खात्यात दिसले आणि टेबल टेम्पोत चढलं. दिवाही गेलाच.