फाइल सर्व्हरचे बफर बदलण्याआधी

लिनक्सवर साम्बा (विंडोज मशीनना फाइली वाटून देणारा प्रोग्राम) चालवत असाल तर बफरचे, म्हणजे नेटवर्कवरचा डेटा तात्पुरता ठेवायच्या जागेचे, आकडे वाढवण्याआधी कॉन्फिग फाइल उघडा. 'सॉकेट ऑप्शन्स'पुढे रिसीव्ह आणि सेंड बफरचे 8192 किंवा 65536 असे आकडे दिसले तर उडवा; कुणीतरी कधीतरी कुठूनतरी आणून चिकटवलेले असतात. प्रोग्रामने बफर स्वतः ठरवून दिला की त्या कनेक्शनपुरतं कर्नलचं (लिनक्सच्या गाभ्याचं) ऑटोट्यूनिंग, म्हणजे गरजेप्रमाणे बफर आपोआप लहान-मोठा करणं, बंद पडतं, मग बाकी सेटिंग कितीही फिरवा. त्याच ओळीतलं नोडिले (छोटे तुकडे न थांबवता लगेच पाठवायची सूचना) तेवढं राहू द्या.

आता चालू आकडे लिहून ठेवा. टीसीपी-आरमेम या कर्नलच्या सेटिंगमध्ये (येणाऱ्या डेटाचा बफर) तीन असतात: किमान, सुरुवातीचा, कमाल. अलीकडच्या बऱ्याच कर्नलवर 4096, 131072 आणि 6291456 बाइट. मधल्याला, म्हणजे डिफॉल्टला, माझ्या मते हात लावू नये. गरजेप्रमाणे कर्नल तो वाढवतोच. प्रश्न असतो तो कमाल मर्यादेचा, आणि तिचं उत्तर पिंगमध्ये, म्हणजे डेटाला जाऊन-येऊन लागणाऱ्या वेळेत, आहे. लाइनचा वेग गुणिले हा वेळ, एवढा बफर लागतो. ऑफिसातल्या ऑफिसात 1 गिगाबिट आणि अर्धा मिलीसेकंद धरला तर जेमतेम 62.5 केबी. 10 गिगाबिटचं स्विच घेतलंत तरी 625 केबी. म्हणजे आहे तेच पुरून उरतं, बदलायचं काही नाही! पण परदेशातली शाखा 80 मिलीसेकंदांवर असेल आणि लाइन 1 गिगाबिटची, तर हिशेब 10 एमबीवर जातो. बफरमधली काही जागा कर्नलच्या स्वतःच्या हिशेबात जाते, म्हणून कमाल साधारण दुप्पट, 20 एमबीच्या आसपास धरा.

लोक फाइली उघडतात जास्त, टाकतात कमी, म्हणजे सर्व्हर मुख्यतः पाठवतो. त्यामुळे आरमेमइतकंच डब्ल्यूमेम (जाणाऱ्या डेटाचा बफर) बघा. तिथली कमाल सहसा 4 एमबीच असते. समोरच्या मशीनची विंडोही (पोच येण्याआधी किती डेटा घेईल ती मर्यादा) तेवढी उघडायला हवी. विंडो स्केलिंग (ही मर्यादा मोठी करू देणारी सोय) चालू आहे ना? नसेल तर 64 केबीच्या पुढे गाडी जात नाही. एकूण मेमरीची मर्यादा टीसीपी-मेममध्ये असते, पण ती बाइटमध्ये नसून पेजमध्ये (मेमरीच्या ठरावीक आकाराच्या तुकड्यांत), हे विसरून भलताच आकडा टाकला जातो.

चाचणी आधी आयपर्फने (फक्त नेटवर्कचा वेग मोजणाऱ्या प्रोग्रामने) घ्या, म्हणजे डिस्कचा दोष नेटवर्कच्या माथी बसणार नाही. नवी मर्यादा नव्या कनेक्शनलाच लागू धरा, म्हणून साम्बा रीस्टार्ट जेवणाच्या सुट्टीत करा आणि उघड्या एक्सेल फाइली आधी बंद करायला सांगा.