टब शेवटी घ्या: गावच्या घरी हॉट टब बसवण्याआधीची तयारी

दिवाळी आटोपते, कापूस वेचायला माणसं मिळेनाशी होतात, आणि पहाटेची थंडी कमरेत शिरायला लागते. या दिवसांत मला दरवर्षी दोन-तीन फोन येतातच. "भाऊ, तुमच्यासारखा टब घ्याचा हाय, कोनता घेऊ?" (टब म्हणजे हॉट टब: हीटर आणि पंप लावलेला, गरम पाण्यात बसून अंग शेकायचा हौद.) माझं उत्तर ठरलेलं आहे: टब शेवटी. आधी जमीन, मग वीज, मग पाणी. मी स्वतः उलट्या क्रमानं गेलो होतो. टेम्पोतून टब उतरला तेव्हा तो ठेवायला जागाच तयार नव्हती. महिनाभर गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली पडून राहिला आणि त्यात मांजर व्याली.

तर जमीन. चौघांच्या टबात साधारण १२०० लिटर पाणी मावतं. म्हणजे १२०० किलो नुसतं पाणी, अडीचशे-तीनशे किलो टब, वरून चार माणसं. दोन मीटर बाय दोन मीटरच्या जागेवर हे वजन चौरस मीटरला साडेचारशे किलोच्या आसपास जातं. घराचा स्लॅब चौरस मीटरला दीडशे-दोनशे किलो वापराचा भार धरून बांधलेला असतो, त्यामुळे गच्चीवर टब हा विषय मनातूनच काढून टाका. अंगणात बसवायचा, तर खाली आपली काळी माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाच्या पाण्यानं ती फुगते. तिच्यावर नुसती फरशी घालून टब ठेवला तर दुसऱ्या वर्षी एक कोपरा खचलेला दिसेल. दोन-अडीच फूट माती काढून टाका, मुरूम थराथरानं पाणी मारत धुम्मस करा, आणि वर सळई टाकून पाच इंचांचं काँक्रीट घ्या. सांडपाण्याचा पाइप आत्ताच गाडून टाका. मोटर ज्या बाजूला येणार तिथं भिंतीपासून दोन-अडीच फूट मोकळे ठेवा. मिस्त्री म्हणेल, "जागा वाया चालली." चालू द्या. पुढं फळी उघडून पोटावर झोपायची वेळ तुमच्यावर येणार आहे, त्याच्यावर नाही.

विजेचं जरा सविस्तर सांगतो, कारण गावाकडे टब मरतो तो इथंच. घर शेतात असेल आणि वीज कृषिपंपाच्या जोडणीवरची असेल, तर टब त्यावर लावायचा नाही. जोडणी एका कामाची आणि वापर दुसऱ्याच कामाला, हे वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापरात बसतं. घरगुती जोडणी घ्या आणि मंजूर भार वाढवून घ्या. तीन किलोवॉटचा हीटर २३० व्होल्टवर १३ अँपियर खेचतो, त्यावर पंप आणि ब्लोअर वेगळे.

आता गणित बघा. एक युनिट वीज ८६० लिटर पाणी एक अंशानं तापवते. बोअरचं पाणी थंडीतही पंचवीस-सव्वीस अंशांचं असतं, हे आपलं नशीब. तिथून १२०० लिटर ३८ अंशांवर न्यायला सतरा युनिटं लागतात, म्हणजे कागदावर साडेपाच-सहा तास. पण संध्याकाळी गावभराच्या मोटरी सुरू झाल्या की व्होल्टेज १८० वर येतं, आणि हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबानं पडते. तुमचा तीन किलोवॉटचा हीटर तेव्हा जेमतेम १.८ चा उरतो आणि सहा तासांचे नऊ तास होतात. हीटर निदान हळू चालतो. पंपाची मोटर मात्र कमी व्होल्टेजवर जास्त करंट ओढते आणि जळते. आमचा वायरमन टब बघून पहिलं वाक्य हेच बोलला: "भाऊ, व्होल्टेजच नाही तं टब काय करन?" म्हणून घेण्याआधी आठवडाभर सकाळ-दुपार-रात्र मीटर लावून व्होल्टेज वहीत लिहा. पाच केव्हीएचा स्टॅबिलायझर लागणार की नाही, ते ती वही सांगेल.

अर्थिंग स्वतंत्र खड्ड्याचं हवं, कोळसा-मीठ भरून, आणि चैत्र-वैशाखात त्यात पाणी ओतायची आठवण ठेवून. ३० मिलिअँपियरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लावल्याशिवाय टबात पाय घालायचा नाही. बंद करायचा स्विच टबात बसून हाताला लागेल एवढ्या जवळ नको. छतावर सोलर आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट: बॅटरीविना ऑन-ग्रिड, म्हणजे विजेच्या लाइनला जोडलेलं सोलर लाइट गेली की स्वतःही बंद पडतं. त्याचा खरा उपयोग दिवसा पाणी तापवून झाकून ठेवायला.

पाणी. आमच्या वरूड-मोर्शीकडं बोअर शेकडो फूट खाली गेलेत, आणि पाहुणे दर्यापूर-अकोल्याकडचे, म्हणजे खारपाणपट्ट्यातले (जिथं जमिनीखालचं पाणीच खारं) असले तर त्यांचं दुखणं आणखी वेगळं. विकत घेण्याआधी पाण्याची तपासणी करून घ्या. नुसत्या टीडीएस मीटरवर भागत नाही, तो विरघळलेले सगळे क्षार एकत्र दाखवतो; जडपणा, म्हणजे पाण्यातला चुना, वेगळा मोजून हवा. टबाला लिटरमागे १५० ते २५० मिलिग्रॅम जडपणा मानवतो. पहिल्या हिवाळ्यात मी बोअरचं पाणी सरळ भरलं. फेब्रुवारीत हीटर काढला तेव्हा कॉइलवर चहाच्या जुन्या पातेल्यात बसतो तसा पांढरा थर होता, नखानं खरवडला तर शंखजिऱ्यासारखा भुगा पडला. आता अर्धं बोअरचं आणि अर्धं आरओचं घालतो. अर्धा टब म्हणजे वीस लिटरचे तीस कॅन. कॅनवाला पोरगा पहिल्यांदा विचारत होता, लग्न कोणाचं आहे म्हणून. पावसाचं पत्र्यावरचं पाणी टाकीत साठवता आलं तर त्याच्याइतकं चांगलं काही नाही.

आमची माय टबाकडं बघून म्हणाली होती, "आंग धुवाले एवढं पानी लागते काय रे?" प्रश्न रास्त आहे. तेच पाणी तीन महिने चालवायचं असतं म्हणूनच पुढचा सगळा औषधांचा खटाटोप. उनकेश्वरच्या गरम कुंडात लोक कातडीचे रोग जावेत म्हणून आंघोळ करतात. दुर्लक्षिलेला टब नेमकं उलटं करतो. कोमट पाण्यात क्लोरीन संपलं की स्यूडोमोनास नावाचे जंतू वाढतात आणि दोन दिवसांत अंगावर खाजरे लाल पुरळ उठतात. मोकळं क्लोरीन ३ ते ५ पीपीएम आणि पीएच ७.२ ते ७.८ ठेवा. तपासायच्या पट्ट्या टबासोबतच मागवा. क्लोरीनसाठी डायक्लोरचे दाणे बरे. ग्रामपंचायतीतून टीसीएल (ब्लीचिंग) पावडर आणू नका, तिनं पाण्यात आणखी चुना वाढतो. आणि घरात टीसीएल असलीच, तर ती डायक्लोरमध्ये मिसळायची नाही, युरिया किंवा डिझेलच्या खोलीत ठेवायची नाही. शेतकऱ्याच्या घरी सगळं एकाच खोलीत असतं, म्हणून हे मुद्दाम लिहितो. यातून आग, स्फोट होऊ शकतो.

टब कोणता, हे आत्ता विचारा. झाकण जाड आणि पट्ट्यांनी बांधता येणारं घ्या, हीटरची कॉइल बदलता येणारी घ्या, आणि दुरुस्तीला माणूस नागपूर-अमरावतीहून येतो का ते लिहून घ्या. फुगवायचा टब स्वस्त पडतो, पण वानरांच्या टोळीपुढं तो एक हंगाम काढेल असं वाटत नाही. माझ्या झाकणावर चिंचेवरून उडी मारायचा त्यांचा ठरलेला रस्ता होता. फांदी छाटावी लागली. कॅबिनेटखालची फट बारीक जाळीनं बंद करा. हिवाळ्यात तिथं ऊब असते, आधी उंदीर येतात आणि त्यांच्यामागून साप.

बिघाड बहुतेक ठरलेलेच. पाणी गरम होत नाही आणि पडद्यावर फ्लोचा (पाणी नीट वाहत नसल्याचा) कोड येतो, तेव्हा आधी फिल्टर काढून नळाखाली धुवा. दहापैकी आठ वेळा तेवढंच असतं. नव्यानं पाणी भरल्यावर हेच झालं तर पाइपात हवा अडकलेली असते, पंपाच्या जोडाचा नट किंचित सैल करून ती सोडा. फेस आला तर दोष केसांच्या तेलाचा आणि कपड्यांतल्या साबणाचा. आधी साध्या पाण्यानं अंग धुऊन मगच आत. क्लोरीनचा उग्र वास येतो तेव्हा क्लोरीन जास्त झालं असं नसतं, कमी पडलेलं असतं. जास्तीचा डोस देऊन झाकण काही वेळ उघडं ठेवा. आरसीसीबी पुन्हा पुन्हा पडत असेल तर कॉइल फुटली असण्याची शक्यता मोठी. "आजच्यापुरतं डायरेक्ट करून देतो" म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

पाणी ४० अंशांच्या वर नाही, बैठक पंधरा-वीस मिनिटांची. गरोदर बाईनं आणि बीपी-हृदयाच्या माणसानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय बसू नये, आणि पिऊन तर कोणीच नाही.

होळी आली की टब बंद. आपल्या उन्हाळ्यात हीटर न लावताही पंपाच्या उष्णतेनं आणि उन्हानं पाणी चाळिशी ओलांडतं. पण रिकामा टब उन्हात उघडा टाकू नका, ॲक्रिलिकला फोड येतात. वर हिरवी नेट बांधा. सोडायचं पाणी आधी चार-पाच दिवस झाकण काढून ठेवा आणि पट्टीवर क्लोरीन शून्य दिसल्यावरच सोडा. तरीही त्यात क्षार उरतातच, आणि संत्र्याला क्षार अजिबात सोसत नाहीत. मी पहिल्या वर्षी पाइप सरळ बागेत सोडला होता. आठ-पंधरा दिवसांत पानांच्या कडा करपल्या. आता पाणी धुऱ्यावरच्या कडुनिंबाला जातं. संत्र्याच्या त्या ओळीत दोन झाडांची जागा अजून मोकळी आहे.