लाकडी क्रीडांगण वर्षानुवर्षं टिकवायचं तर

वस्तीतल्या लोकांनी वर्गणी काढून, स्वतः हातोडे घेऊन उभारलेलं लाकडी क्रीडांगण रंग उडाला म्हणून मोडीत निघत नाही. ते खचतं खांबांच्या पायथ्याशी. म्हणून वार्षिक तपासणीला सुरुवात जमिनीपासून करा आणि दर वर्षी त्याच ऋतूत करा. लाकूड ओलाव्याने फुगतं, उन्हाने आकसतं; वेगवेगळ्या ऋतूंत मोजलेल्या भेगांची तुलना करण्यात अर्थ नाही. प्रत्येक खांबाला क्रमांक द्या आणि मागच्या वर्षीची वही सोबत ठेवा.

खांबाभोवतीची माती १०-१५ सेंटीमीटर खोल उकरा. बुरशीला ओलावा आणि हवा दोन्ही लागतात आणि ती दोन्ही तिला जमिनीच्या पातळीजवळच्या या पट्ट्यातच मिळतात. पातळ स्क्रूड्रायव्हर तिरपा खुपसून लाकूड उचकटा. धडधाकट लाकडाची लांब ढलपी निघते आणि ती कडकन तुटते; कुजलेल्याचा तुकडा रेषांना आडवा, आवाज न करता मोडतो. चारही बाजूंनी हे करा, मग हातोडीने ठोकून पाहा. ही ठोक टाळू नका. संरक्षक द्रव्य बऱ्याचदा गाभ्यापर्यंत पोचलेलं नसतं, त्यामुळे बाहेरून ठणठणीत दिसणारा खांब आतून पोकळ असू शकतो. आवाज भद्द आला की वहीत खूण करा आणि तो भाग खेळासाठी बंद ठेवा.

कुजलेल्या खांबात पुट्टी भरून काहीही साधत नाही. आधी वरच्या भागाला टेकू द्या, मगच खांब काढा. नव्या खांबाच्या खाली खडी घाला, काँक्रीटचा माथा जमिनीच्या थोडा वर आणि बाहेरच्या बाजूला उतरता ठेवा. कापलेलं टोक वरच्या बाजूला घ्या आणि त्यावर संरक्षक द्रव्य लावा. टोकातूनच लाकूड सर्वांत जास्त पाणी पितं.

लांबीच्या दिशेने गेलेल्या बारीक चिरा लाकडाच्या स्वभावातल्याच, त्यांना घाबरू नका. बोल्टच्या भोकातून सुरू होऊन रुंदावत जाणारी चीर मात्र धोक्याची. बोल्ट पहिल्या वर्षी हमखास ढिले होतात, कारण लाकूड वाळून आकसतं. पाना फिरवताना वॉशर लाकडात रुतू लागला तर थांबा, तिथे लाकूड मऊ पडलं आहे. नटाबाहेर बोल्टचे दोनपेक्षा जास्त आटे दिसता कामा नयेत. झोपाळ्याच्या साखळीच्या हुकात १ मिलिमीटरहून मोठी फट राहिली असेल तर हूक बदला. तांबेयुक्त द्रव्याने प्रक्रिया केलेल्या लाकडात साधं लोखंड लवकर गंजतं, तिथे जाड गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेस स्टीलचेच स्क्रू वापरा.

कठड्याची एखादी पट्टी निघाली की नवी फट तयार होते. ९ ते २३ सेंटीमीटरच्या फटीतून मुलाचं धड पुढे जातं आणि डोकं अडकतं, म्हणून दुरुस्तीनंतर प्रत्येक फट मोजा.

खाली अंथरलेले लाकडाचे तुकडे दबलेल्या अवस्थेत निदान २३ सेंटीमीटर जाड असावेत. तेवढा थर साधारण २.१ मीटर उंचीवरून पडल्यास संरक्षण देतो. नवा थर चौथा हिस्सा दबतो, त्यामुळे ३१ सेंटीमीटर घाला. झोपाळ्याखाली आणि घसरगुंडीच्या तोंडाशी तुकडे पायांनी बाजूला सरतात. तिथल्या खांबांवर रंगाची रेघ मारून ठेवली की कमतरता लांबूनही कळते.

अमेरिकेत २००३ अखेरपर्यंत क्रीडांगणांच्या लाकडात आर्सेनिक, क्रोमियम आणि तांबं असलेलं द्रव्य सर्रास वापरलं जाई. सुरुवातीची हिरवट झाक वर्षांनुवर्षं फिकट होत जाते, तेव्हा असं लाकूड ओळखताना रंगावर भिस्त ठेवू नका. असं लाकूड घासू नका, काढलेल्या फळ्या कधीही जाळू नका. धुरात आणि राखेत आर्सेनिक उतरतं. आत मुरणारा तेलाचा थर वर्षा-दोन वर्षांनी द्या, वरवरचा रंग पापुद्रे होऊन गळतो. मुलांनी खाण्यापूर्वी हात धुवावेत.

देणगीदारांची किंवा मुलांची नावं कोरलेल्या पट्ट्या खराब होऊ लागल्या तर टाकून देण्याची घाई करू नका. नावांवर कागद ठेवून पेन्सिलने ठसा घ्या, कुजका कडेचा भाग कापा आणि पट्टी मागे नवी फळी देऊन कठड्याच्या बाहेरच्या बाजूला बसवा. वजन नव्या फळीवर येऊ द्या, जुन्या पट्टीला फक्त पावसापासून जपा.