घरदार सुटलेल्या ख्रिस्ती भावंडांना आधार देताना या चुका टाळा

उपासना संपत आली की नव्या पाहुण्याला पुढं बोलावून 'दोन शब्द साक्ष द्या' म्हणायची आपल्या मंडळ्यांत रीत आहे. मणिपूरमध्ये ३ मे २०२३ ला हिंसाचार पेटल्यानंतर काही महिन्यांनी चुराचांदपूरकडची एक मुलगी कामासाठी कोल्हापुरात आली. तिला मी असंच पुढं बोलावलं. तिनं नाव सांगितलं, गावाचं नाव घेतलं आणि ती थांबली. पुढचे तीन रविवार ती आली नाही. चूक माझी होती. ती दुसऱ्या कुणाच्या हातून होऊ नये, म्हणून हे लिहिते आहे.

साक्ष मागू नका, फोटो काढू नका

जळालेल्या घराची गोष्ट ऐकून आपला विश्वास बळकट झाल्यासारखा वाटतो. सांगणाऱ्याला मात्र ती रात्र पुन्हा काढावी लागते. ती आपणहून सांगेल तेव्हा, सांगेल तेवढंच ऐकायचं. मध्येच 'मग पुढं काय झालं?' विचारायचं नाही.

फोटोचं तर त्याहून जपायला हवं. मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेला फोटो संध्याकाळपर्यंत कुठं पोचेल याचा नेम नसतो. कुणाचे आईवडील अजून मदत छावणीत असतात. अफगाणिस्तानातून आलेल्या, ख्रिस्ती झालेल्या माणसाचा चेहरा दिसला तर मागं राहिलेल्या नातेवाइकांच्या जिवावर बेतू शकतं. 'प्रार्थनेसाठी' म्हणून नाव आणि गाव पाठवणं हीसुद्धा तीच चूक.

चूक झालीच असेल तर पोस्ट लगेच काढा, पण तेवढ्यावर थांबू नका. त्यांच्या घरी जा. काय गेलं, किती जणांकडे गेलं ते स्पष्ट सांगा. कुणाला सावध करायला हवं का, ते विचारा. माफी थोडक्यात मागा. आपला हेतू चांगला होता हे पटवत बसू नका.

देवाच्या वतीनं उत्तरं देऊ नका

'देवाचीच इच्छा', 'तो परीक्षा घेतो', 'आता क्षमा करून मोकळे व्हा'. ही वाक्यं आपल्या तोंडात इतकी बसली आहेत की बोलल्याचं कळतही नाही. बायबलमधल्या, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस आणि सात रात्री जमिनीवर बसले, एक शब्दही न बोलता. तेवढे दिवस ते खरे मित्र होते. बोलायला लागले आणि बिघडलं.

घरभेटीला जाताना मी आता स्तोत्र ८८ ची खूण घालून जाते. ते अंधारातच संपतं, शेवटी आशेची ओळ येत नाही, तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. त्यांनी वाचायला सांगितलं तर ते वाचावं आणि तिथंच थांबावं. लगेच आनंदाचं गायन सुरू करू नये. क्षमेची आज्ञा प्रभूची आहे हे त्यांना ठाऊक आहे. ती कधी पाळता येईल, याची तारीख आपण ठरवायची नाही.

आपलाच कार्यक्रम लादू नका

हे कोल्हापूरला नव्यानं शिकायला लागू नये. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत राजवटीनं हद्दपार केलेले पोलिश लोक इराणमार्गे भारतात आले, आणि १९४३ पासून आपल्या वळिवड्याला त्यांची छावणी उभी राहिली. सुमारे ५,००० माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांची हद्दपारी केवळ धर्मापायी नव्हती, पण घर तुटलेल्या माणसाची प्रार्थना कशी टिकते ते तिथं दिसतं. छावणीत त्यांचं स्वतःचं चर्च होतं, शाळा होत्या, मुलांची स्काउट पथकं होती. प्रार्थना त्यांच्या भाषेत, सण त्यांच्या पद्धतीनं. त्याच जागेवर पुढं फाळणीत आलेले सिंधी बांधव वसले. तेच आजचं गांधीनगर. पोलिश लोकांचं स्मारक महावीर उद्यानात आहे. तरुण संघाच्या मुलांना तिथं एकदा घेऊन जा.

आपण मात्र नव्या माणसाच्या हातात मराठी गायनपुस्तक देतो आणि शेजारी बसवून पान दाखवत राहतो. मन मोडलेलं असताना माणूस आईच्या भाषेत प्रार्थना करतो. त्यांच्या भाषेतलं पवित्र शास्त्र फोनवर मिळतं का, ते आधी पाहा. कुणी बाप्टिस्ट असेल, कुणी कॅथलिक, कुणी सिरियन परंपरेतला. त्यांना आपल्या पंथात ओढू नका, पुन्हा बाप्तिस्मा घ्यायला लावू नका. रेशनची पिशवी आणि रविवारची हजेरी यांची गाठ तर कधीच घालू नका.

त्यांच्या जखमेवर आपला राग पोसू नका

मणिपूरचा मैतेई आणि कुकी-झो या समाजांमधला वाद मुळात वांशिक आहे. जमीन आणि अनुसूचित जमातीचा दर्जा हे त्यातले मोठे प्रश्न. कुकी-झो समाजाची चर्चेस जळाली, तशी मैतेई ख्रिस्ती लोकांचीही जळाली. ऑगस्ट २०१४ मध्ये आयसिस या दहशतवादी संघटनेमुळे इराकमधल्या कराकोशचे ख्रिस्ती एका रात्रीत गाव सोडून निघाले, पण त्याच आयसिसनं यझिदी या वेगळ्या धर्माच्या अल्पसंख्य लोकांची कत्तल केली आणि मुसलमानांनाही मारलं. हे न सांगता व्यासपीठावरून एखाद्या अख्ख्या समाजाविरुद्ध बोलणं म्हणजे पाहुण्याच्या दुःखाचा वापर करणं. त्यांचा स्वतःचा राग असेल तर ऐकून घ्या आणि तिथंच ठेवा.

प्रार्थनेच्या नावाखाली या गोष्टी सोडू नका

परदेशी नागरिकाला घरी ठेवलं तर २४ तासांत त्याची माहिती सरकारच्या परदेशी नागरिक नोंदणी विभागाला कळवावी लागते. लपवाछपवीनं त्यांचंच नुकसान होतं. दिवाळीचे फटाके, मिरवणुकीतला डॉल्बी यांची आदल्या दिवशीच कल्पना द्या. आवाजानं मुलं पलंगाखाली शिरतात. झोप उडाली असेल, जगणं नकोसं झाल्याचं कुणी बोलत असेल, तर डॉक्टरांकडे न्या किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा. 'विश्वास कमी पडतो' म्हणून अशा माणसाला घरी बसवणं घातक आहे.

त्या मुलीच्या खोलीवर मी चौथ्या आठवड्यात गेले. माफी मागितली. तिनं चहा केला आणि बराच वेळ आम्ही दोघी नुसत्या बसलो. निघताना तिनं विचारलं, "आंटी, शनिवारी संध्याकाळी हॉल मिळेल का? आम्ही पाचजण आहोत." पाळकसाहेबांना विचारून मी चावी नेऊन दिली. आता दर शनिवारी ते चार आवाजांच्या हार्मनीत त्यांच्या भाषेतली गाणी गातात. आम्ही बोलावल्याशिवाय आत जात नाही.