बिडाच्या तव्यावरचा स्टेक आणि लसणीचा क्रीम सॉस

ज्याला मटणाचा रस्सा चांगला जमतो त्याचा स्टेक, म्हणजे तव्यावर भाजलेला बीफचा जाड तुकडा, हमखास बिघडतो. मेलबर्नला आल्यावर पहिली दोन वर्षं माझं हेच चाललं होतं. मांस पातेल्यात पडलं की ते परतायचं, झाकण ठेवायचं, झाकणावर पाणी ठेवायचं आणि ‘अजून एक वाफ येऊ दे’ म्हणत राहायचं, ही हाताला लागलेली सवय. स्टेकला यातलं काहीच नको असतं. वाफ तर मुळीच नको.

फरक जनावराच्या कुठल्या भागाचं मांस आहे त्यातला आहे. रश्श्याला आपण नळी, मान, सीना घेतो. हे सतत राबणारे स्नायू, त्यांत चिवट पडदे आणि तंतू भरपूर. तास-दीड तास शिजले की ते विरघळून रश्श्याला तो चिकटसर दाटपणा येतो. स्टेकचं मांस पाठीच्या कण्यालगतचं, जनावराने फारसं न वापरलेलं. ते मुळातच मऊ असतं. त्याला शिजवून मऊ करायला गेलं की ते उलट कडक होतं. त्यामुळे चुलीजवळचं काम जेमतेम वीस मिनिटांचं. खरी मेहनत त्याआधीची.

तुकडा निवडताना

इथल्या खाटकाकडे जी नावं ऐकू येतात ती आधी समजून घ्या, कारण देश बदलला की नाव बदलतं. ऑस्ट्रेलियात ज्याला ‘स्कॉच फिलेट’ म्हणतात तो अमेरिकेतला बिनहाडाचा ‘रिबआय’. मेलबर्नचा ‘पोर्टरहाउस’ बिनहाडाचा असतो, तर अमेरिकेत त्याच नावाखाली मधोमध टी आकाराचं हाड असलेला मोठा तुकडा मिळतो. ‘आय फिलेट’ म्हणजे आपल्याकडचा अंडरकट. सगळ्यांत मऊ, सगळ्यांत महाग, आणि माझ्या मते चवीला जरा मिळमिळीत. पहिल्यांदा करणार असाल तर स्कॉच फिलेटच घ्या. त्यात चरबीच्या पांढऱ्या रेषा आतपर्यंत गेलेल्या असतात, त्यामुळे मिनिटभर जास्त झालं तरी तुकडा कोरडा पडत नाही.

जाडी अडीच ते तीन सेंटिमीटर हवी, म्हणजे अंगठ्याच्या वरच्या पेराएवढी. सुपरमार्केटच्या पाकिटात चार पातळ तुकडे स्वस्तात मिळतात, ते सोडून द्या. बाहेरून रंग येईपर्यंत त्यांचं आतून चामडं झालेलं असतं. दोघांसाठी अडीचशे ते तीनशे ग्रॅमचे दोन तुकडे पुरे.

महाराष्ट्रात २०१५पासून गाय, बैल आणि वळू यांच्या मांसाला कायद्याने बंदी आहे; म्हशीचं मिळतं. मुंबई-पुण्यात घरी स्टेक करणारे बहुतेक त्याचाच अंडरकट आणतात. खाटकाला जाड बाजूचा तुकडा मागा आणि वरचा पांढरा चिवट पापुद्रा सुरीने काढून टाका. तो राहिला तर तव्यावर आक्रसतो आणि तुकडा वाकडा होतो. या मांसात चरबी फार कमी, त्यामुळे ते तव्यावर फार वेळ ठेवलं की लगेच कोरडं होतं. मात्र ते उघड्यावर टांगलेलं असेल तर आतून कच्चट ठेवायची हौस करू नका.

मीठ, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कोरडेपणा

मीठ लावण्याच्या दोनच योग्य वेळा आहेत: तव्यावर टाकण्याच्या अगदी क्षणभर आधी, नाहीतर किमान चाळीस मिनिटं आधी. मधल्या काळात मिठाने ओढून काढलेलं पाणी पृष्ठभागावर साचलेलं असतं. तसा तुकडा तव्यावर टाकला की तो भाजला न जाता उकडतो. चाळीस मिनिटांनंतर ते खारट पाणी पुन्हा आत मुरतं आणि मीठ आतपर्यंत पोचतं. मी आदल्या रात्री मीठ लावून जाळीवर, न झाकता फ्रिजमध्ये ठेवतो. सकाळी मांस वरून गडद आणि हाताला कोरडं लागतं. फ्रिजमधलं बाकीचं सामान तेवढं लांब ठेवा.

हा कोरडेपणा एवढा का? पाणी असेपर्यंत पृष्ठभागाचं तापमान शंभर अंशांच्या वर जात नाही, आणि तो खरपूस तपकिरी रंग येतो साधारण १४० अंशांच्या पुढे. प्रथिनं आणि साखर यांच्यातली ही प्रक्रिया लुई कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली मांडली. म्हणून तव्याजवळ जाण्याआधी कागदी रुमालाने दोन्ही बाजू आणि कडा दाबून टिपा. टिपल्यावर पुन्हा एकदा टिपा. मिरपूड आत्ता नको, कडक आचेवर ती करपते.

तवा आणि आच

माझ्याकडे सपाट बुडाचा बिडाचा तवा आहे. आईने घावनांसाठी म्हणून सामानात कोंबून दिला होता. त्याच्यावर आता काय भाजलं जातं हे तिला अजून सांगितलेलं नाही; घावनांसाठी मी दुसरा घेतला. बीड उशिरा तापतं पण तापलं की थंड मांस पडलं तरी निवत नाही, आणि स्टेकला तेच हवं. जाड बुडाचं स्टीलचं पॅनही चालेल. नॉनस्टिक नको. इतक्या कडक आचेला त्याचा थर खराब होतो, शिवाय तळाशी काही चिकटत नाही, आणि आपल्याला तर तळाशी चिकटलेलंच हवं आहे. का ते पुढे येईल.

तवा मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटं तापू द्या. तेल शेंगदाण्याचं, सूर्यफुलाचं किंवा राइस ब्रानचं, रिफाइंड. लोणी नाही, ते जळतं. चमचाभर तेल घाला, त्याच्यावर धुराची पहिली पुसट रेघ दिसली की तुकडे ठेवा. खिडकी आधीच उघडी असू द्या. माझ्या पहिल्या प्रयत्नात स्मोक अलार्म असा काही बोंबलला की वरच्या मजल्यावरचे लोक खाली आले होते.

मांस टेकल्याबरोबर जोरात चर्र आवाज आला पाहिजे. नुसती फुसफुस ऐकू आली तर तवा थंड आहे. तुकडा उचला, थांबा, पुन्हा ठेवा. पहिली दोन मिनिटं हात लावू नका. उलथन्याने दाबायचा मोह होतो, दाबू नका. दोन मिनिटांनी चिमट्याने उचलून बघा: सहज सुटला तर रंग आलेला आहे, चिकटून बसला तर अजून अर्धं मिनिट द्या. त्यानंतर दर मिनिटाला उलटला तरी बिघडत नाही, उलट दोन्हीकडून सारखा शिजतो. ‘एकदाच उलटायचा’ हा नियम लोक फार ठासून सांगतात, मी तो पाळत नाही. एका बाजूला चरबीची पट्टी असेल तर चिमट्यात तुकडा उभा धरून ती अर्धा-पाऊण मिनिट तव्याला टेकवा, म्हणजे ती वितळून कुरकुरीत होते.

अडीच सेंटिमीटरच्या तुकड्याला एकूण सहा ते आठ मिनिटं लागतात. घड्याळावर मात्र फार विसंबू नका. बोटाने दाबून पाहण्याची युक्ती खानसाम्याला जमते, कारण तो दिवसाला साठ तुकडे दाबतो. आपण महिन्यातून दोन करणार. सुईचा थर्मामीटर घ्या, बाजूने मध्यापर्यंत घाला. आतून गुलाबी, रसरशीत ‘मीडियम रेअर’ हवा असेल तर ५२ अंशांना काढा. बाहेर ठेवल्यावर तो तीन-चार अंश स्वतःच चढतो. ‘मीडियम’साठी ५७-५८. अमेरिकेचा कृषी विभाग ६३ अंश आणि नंतर तीन मिनिटं थांबा असं सांगतो. घरात गरोदर बाई, लहान मूल, म्हातारं माणूस असेल तर त्याच्या खाली जाऊ नका. ही मोकळीक अखंड तुकड्यापुरतीच आहे, कारण जंतू मुख्यतः पृष्ठभागावर असतात आणि तिथे आच लागतेच. खिमा आतपर्यंत शिजलाच पाहिजे.

ताटात जो लाल रस उतरतो त्याला बघून आपल्याकडची माणसं ‘रक्त’ म्हणून तोंड वाकडं करतात. ते रक्त नव्हे. स्नायूंतल्या मायोग्लोबिन नावाच्या प्रथिनाचा तो रंग आहे. एवढं सांगूनही कुणाला पूर्ण शिजलेलाच हवा असेल तर वाद घालू नका. त्याचा तुकडा चार मिनिटं आधी टाका आणि आच मध्यम करा.

तुकडे गरम ताटलीत काढून वर फॉइल सैलसर टाका, सहा-सात मिनिटं राहू द्या. लगेच कापला तर सगळा रस फळीवर जातो. सॉस होतो तो याच वेळात.

सॉस: खरवड आणि लसूण

इथल्या पबमध्ये पोर्टरहाउस मागवला की लगेच पुढचा प्रश्न येतो: सॉस कुठला? ग्रेव्ही, मश्रूम, पेपर की गार्लिक? गार्लिक म्हणजे हा पांढरा, दाट, क्रीमचा. तिथे बहुधा तो मोठ्या भांड्यात आधीच करून ठेवलेला असतो. घरच्या सॉसची चव त्यापेक्षा वरचढ लागते ती तव्यातल्या खरवडीमुळे. दुधाच्या पातेल्याची खरवड लहानपणी भांडून खाल्ली असेल, तसलाच हा प्रकार: मांसाचे तळाशी धरलेले तपकिरी कण. ते तपकिरी असतील तर सोनं, काळे असतील तर पुसून टाका, ते कडूच लागणार.

दोघांसाठी लागेल ते असं: लोणी वीस ग्रॅम, लसूण, मीठ न घातलेला चिकन स्टॉक किंवा पांढरी वाईन ६० मिलिलिटर, क्रीम १५० मिलिलिटर, डिजॉन मोहरी (दाणे नव्हेत, बाटलीतली तयार फ्रेंच पेस्ट) एक छोटा चमचा, ताजी मिरपूड, लिंबाचे थेंब, मूठभर पार्स्ली. ऑस्ट्रेलियन पाककृती वाचून करत असाल तर एक लक्षात ठेवा, इथला मोठा चमचा २० मिलिलिटरचा असतो, बाकी बहुतेक ठिकाणी १५ चा. लसणीचंही तसंच. इथली एक पाकळी आपल्या गावठी लसणीच्या तीन-चार पाकळ्यांएवढी. इथल्या चार घ्या, गावठीच्या बारा-पंधरा.

लसूण बारीक चिरा, ठेचू नका. ठेचली की जास्त पेशी फुटतात, वास उग्र होतो आणि ओला चोथा तव्याला लगेच धरतो.

आता सगळ्यांत नाजूक जागा. तुकडे काढल्यावर गॅस बंद करा, तव्यातली चरबी ओतून द्या आणि दोन मिनिटं काहीही करू नका. फोडणीला सरावलेला हात लगेच लसूण टाकायला धावतो. मी टाकली होती. बीड अजून धगधगतं होतं, मी क्रीमचा डबा उघडेपर्यंत लसूण काळी पडली आणि सगळा सॉस कडू झाला. इथे लसणीची फोडणी करायची नाही, ती लोण्यात घाम फुटेपर्यंत फक्त मऊ करायची. म्हणून तवा निवल्यावर लोणी घाला. ते शांतपणे वितळून फेसाळलं पाहिजे. मग लसूण, मंद आच, पाऊण मिनिट. कच्चा वास जाऊन गोडसर वास आला आणि रंग अजून पांढराच असला की थांबा.

लगेच स्टॉक किंवा वाईन ओता. वाईन घालताना तवा गॅसवरून बाजूला घ्या, भडका उडू शकतो. सुर्रकन वाफ येईल. त्याच वेळी लाकडी उलथन्याने तळ खरवडत राहा. ती सगळी खरवड सुटून पाणी मातकट तपकिरी होतं. ते आटून निम्मं होऊ द्या. बिडात वाईन फार वेळ उकळत ठेवू नका, लोखंडाची चव उतरते.

आता क्रीम. किमान ३५ टक्के स्निग्धांशाचं घ्या. इथे ‘थिकन्ड क्रीम’ लिहिलेलं असतं ते चालतं, ‘लाइट’ लिहिलेलं नको. एवढं स्निग्ध क्रीम उकळलं तरी फाटत नाही. भारतात सहज मिळणारं अमूलचं फ्रेश क्रीम २५ टक्क्यांचं असतं. त्यानेही काम भागतं, पण आच मंद ठेवा, फक्त कडेला बारीक बुडबुडे दिसू द्या. दही घालून बघायचा विचार मनात आला असेल तर तो काढून टाका.

दोन-तीन मिनिटांत सॉस चमच्याच्या पाठीला धरू लागतो. बोटाने रेघ ओढली की ती तशीच राहिली पाहिजे. मोहरी आणि भरपूर मिरपूड घाला. तोवर ताटलीत स्टेकचा जो रस उतरलेला असेल तो वाया न घालवता सॉसमध्ये ओता. गॅस बंद करून मग लिंबू आणि पार्स्ली. मीठ सगळ्यांत शेवटी, चाखून. बहुतेकदा लागतच नाही. फार दाट झाला तर गरम पाण्याचा चमचा, आणि तूप सुटल्यासारखा फाटू लागला तर आचेवरून उतरवून थंड क्रीमचा चमचा घालून जोरात घोटा.

कापताना तंतू कुठल्या दिशेने धावतात ते बघा आणि सुरी त्यांना आडवी चालवा. सॉस ताटात खाली पसरा, वर तुकडे मांडा. वरून ओतला तर एवढ्या कष्टाने आणलेला खरपूस थर दोन मिनिटांत भिजतो. सोबत बटाट्याचे चिप्स किंवा वाफवलेली फरसबी, आणि सॉस पुसून खायला पाव.

पबमध्ये याच सॉसमध्ये कोळंबी घालून ती स्टेकवर देतात. घरी करायचं तर लसणीच्या आधी त्याच लोण्यात सोललेली कोळंबी मिनिटभर परतून बाजूला काढा, शेवटी परत घाला. मांस न खाणाऱ्या पाहुण्यासाठी मी वेगळ्या पॅनमध्ये जाड कापलेले मश्रूम असेच भाजतो आणि सॉस भाजीच्या स्टॉकवर करतो. खरवड मश्रूमचीही बरी येते.

सॉस उरलाच तर दुसऱ्या दिवशी मंद आचेवर दुधाचा हबका मारून पास्त्यावर घाला. तवा मात्र जेवायला बसायच्या आधीच गरम पाण्याने घासून, गॅसवर कोरडा करून, तेलाचा हात फिरवून ठेवा. क्रीम रात्रभर वाळलं की सकाळी घासणी झिजते, आणि पाण्यात बुडवून ठेवलात तर तव्याला गंज चढतो.